मंत्रालयाचा कुठला मजला? कोळसा खाण थांबल्यावर जमीन कोण परत बसवतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही डोंबिवलीत राहता, वडिलोपार्जित आठ एकर वणी तालुक्यात आहे. बांधाला लागून असलेल्या खुल्या कोळसा खाणीतलं काम चार वर्षांपूर्वी थांबलं. खड्डा पाण्याने भरलाय, मातीचा डोंगर तसाच उभा आहे आणि दर पावसाळ्यात त्याचा गाळ तुमच्या कपाशीत उतरतो. अमेरिकेत कोळसा असलेल्या प्रत्येक राज्यात खाणीवर देखरेख ठेवणारा आणि जमीन पूर्ववत करून घेणारा राज्य सरकारचा विभाग असतो, असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. म्हणून विचारताय, "महाराष्ट्रात हा विभाग कोणता? मंत्रालयात कुठल्या मजल्यावर जाऊ?"

असा मजला नाही. पण एवढं सांगून तुम्हाला परत पाठवणं बरं नव्हे, कारण तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. राज्याने खाणीवरची देखरेख कशी वाटून दिली आहे, आणि त्या वाटणीत उकरलेल्या जमिनीची जबाबदारी नक्की कोणाच्या टेबलावर येऊन थांबते?

मी खाण अभियंता आहे. पहिली नऊ वर्षं वर्धा खोऱ्यातल्या खाणींत काढली, नंतरची सतरा मुंबईत, पर्यावरण मंजुरी आणि खाण बंद करण्याच्या आराखड्यांचं काम करण्यात. मुंबईत माझ्या कामाचं नाव सांगितलं की एक घोटाळा ठरलेला. इथे 'रिक्लेमेशन' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर वांद्र्याचा किंवा बॅकबेचा समुद्र येतो, भराव घालून काढलेली नवी जमीन येते. खाणीतलं रिक्लेमेशन याच्या नेमकं उलटं आहे. तिथे जमीन होतीच, पिकत होती, आपण ती फोडली. आता ती पुन्हा नांगर घालण्याजोगी, निदान गवत आणि झाड धरण्याजोगी करून द्यायची आहे. हे काम खर्चाचं आहे आणि ते करण्याची वेळ येते तेव्हा खाणीतून एक रुपयाही येत नसतो. सगळी गोम इथेच आहे. कोळसा निघत असतो तोवर कंपनी सगळ्यांचं ऐकते. कोळसा संपल्यावर ती ऐकते फक्त त्याचं, ज्याच्या ताब्यात तिचे पैसे अडकलेले असतात.

म्हणून कुठल्याही राज्याची व्यवस्था बघताना मी विभागाचं नाव बघत नाही. चार गोष्टी बघतो. परवाना कोण देतं? खाणीवर पाय ठेवून तपासणी कोण करतं? जमीन पूर्ववत करण्यासाठीची ठेव कोणाच्या ताब्यात असते? आणि 'काम झालं, ठेव सोडा' अशी सही कोण करतं? या चारही चाव्या एका जुडग्यात असल्या की शेजारच्या शेतकऱ्याला दाद मागायला एक दार मिळतं. चाव्या चौघांत वाटल्या की शेतकरी चार दारं हिंडतो आणि प्रत्येक दारावर त्याला पुढच्या दाराचा पत्ता मिळतो.

तुम्ही अमेरिकेबद्दल वाचलंत ते ढोबळमानाने खरं आहे. पण ते तसं का झालं हे कळल्याशिवाय तुलना निरर्थक आहे. तिथे १९७७ पर्यंत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. ज्या राज्याने नियम कडक केले, तिथला कोळसा महाग होऊन शेजारच्या राज्याचा खपायचा. त्यामुळे कडक व्हायला कोणी धजत नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकला २६ फेब्रुवारी १९७२ रोजी खाणीच्या टाकाऊ मालाने बांधलेला बांध फुटला आणि १२५ माणसं वाहून गेली. अशा घटनांतून दबाव वाढत गेला आणि ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्रीय कायद्यावर सही केली. त्या कायद्याने किमान नियम केंद्राने ठरवले, पण अंमलबजावणीचा पहिला हक्क राज्यांना दिला. राज्याने केंद्राच्या तोडीचा कायदा करायचा, माणसं नेमायची, केंद्राच्या कार्यालयाची मान्यता घ्यायची, मग परवाना, तपासणी, दंड, ठेव हे सगळं राज्याचं. हा कारभार चालवण्याच्या खर्चात केंद्र निम्म्यापर्यंत वाटा उचलतं आणि राज्य ढिलं पडलं तर अधिकार काढूनही घेतं. टेनेसी राज्याने १९८४ मध्ये स्वतःचा कार्यक्रम सोडून दिला, त्यानंतर तिथल्या खाणी थेट केंद्राकडे गेल्या.

आता हा विभाग राज्याने कुठल्या खात्यात बसवायचा, याला एकच साचा नाही. वेस्ट व्हर्जिनियात तो पर्यावरण खात्यात आहे. केंटकीत नैसर्गिक संपत्ती विभागाखाली परवान्याचं कार्यालय वेगळं, तपासणी आणि कारवाईचं वेगळं, सोडून दिलेल्या जुन्या खाणींचं वेगळं. अलाबामात खुल्या खाणींसाठी स्वतंत्र आयोग आहे. नॉर्थ डकोटात हे काम वीजदर ठरवणाऱ्या लोकसेवा आयोगाकडे आहे. आणि टेक्सासात ते आहे रेल्वे आयोगाकडे! १८९१ मध्ये रेल्वेसाठी स्थापन झालेल्या या आयोगाकडे आज रेल्वेचं काहीही उरलेलं नाही, पण लिग्नाइट कोळशाच्या खाणी आणि त्यांची जमीन पूर्ववत करणं त्याच्याकडेच आहे. पाटीवरच्या नावाला मी महत्त्व का देत नाही, ते यावरून कळेल. पाटी काहीही असो, चारही चाव्या बहुतेक ठिकाणी एका छताखाली आहेत.

ठेवीची पद्धत जरा नीट सांगतो, कारण तुमच्या बांधाचा प्रश्न तिच्याशीच जोडलेला आहे. तिथे परवाना हातात पडण्याआधी कंपनीला ठेव किंवा हमी द्यावी लागते. तिची रक्कम बहुतेक राज्यांत एकरी ठरावीक दराने मोजून भागत नाही. उद्या कंपनी पळून गेली आणि राज्याला स्वतः ठेकेदार लावून ती जमीन पूर्ववत करावी लागली, तर किती खर्च येईल, तो आकडा म्हणजे ठेव. ती एकदम परतही मिळत नाही. खड्डा भरून, उतार मूळच्यासारखा करून, पाण्याचा निचरा बसवला की जास्तीत जास्त ६० टक्के सुटते. वरची माती पसरून हिरवळ धरली की आणखी काही. उरलेली रक्कम शेवटच्या पेरणीनंतर पाच वर्षं अडकलेली राहते, आणि जिथे वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तिथे दहा वर्षं. शिवाय ठेव मागताना कंपनीला स्थानिक वर्तमानपत्रात सलग चार आठवडे जाहिरात द्यावी लागते आणि लगतच्या जमीनमालकांना पत्र पाठवावं लागतं. तुमच्याबाबतीत हे पत्र फार मोलाचं ठरलं असतं.

२०११ मध्ये एका कामासाठी मी तीन आठवडे वेस्ट व्हर्जिनियात होतो. ठेव सोडण्याआधीची एक तपासणी मला जवळून बघायला मिळाली. राज्याचा निरीक्षक पन्नाशीचा, हातात फावडं आणि खिशात वही. उतारावर चालताना तो मध्येच थांबायचा, फावड्याने वीतभर खणायचा, माती मुठीत घेऊन दाबायचा. कंपनीचा माणूस नकाशे उलगडून उभा होता, पण निरीक्षकाचं लक्ष जमिनीतून निघणाऱ्या मुळांकडे. एका ठिकाणी पावसाने हातभर खोल घळ पाडली होती. त्याने तिच्यात उतरून फोटो काढला, वहीत नोंद केली आणि सांगितलं की ही बुजवून पुन्हा पेरा, पाच वर्षं आजपासून मोजायची. दंड नाही, आवाज चढवणं नाही. पण कंपनीच्या माणसाचा चेहरा उतरला, कारण त्या एका घळीने त्याचे पैसे आणखी पाच वर्षांसाठी अडकले होते. परवाना देताना जी घळ कागदावरही नव्हती, तिच्यासाठी पैसे अडवण्याचा अधिकार त्याच खात्याकडे होता. तिथल्या कायद्यात चालू खाणीवर दर महिन्याला किमान एक अंशतः आणि दर तिमाहीला एक पूर्ण तपासणी सक्तीची आहे. नागरिकाने लेखी तक्रार केली तर तपासणीच्या वेळी त्याला सोबत येण्याचा हक्क आहे. आणि या खात्यातल्या माणसाचा कोळशाच्या धंद्यात पैशाचा कसलाही संबंध असता कामा नये.

ही व्यवस्था निर्दोष आहे असं मात्र समजू नका. काही राज्यांनी मोठ्या कंपन्यांना प्रत्यक्ष ठेव न घेता नुसत्या ताळेबंदाच्या भरवशावर हमी देऊ दिली. मग ऑगस्ट २०१५ ते एप्रिल २०१६ या काळात अल्फा, आर्च आणि पीबॉडी या तीन बड्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कागदी हमीची किंमत काय असते ते सगळ्यांना कळलं. १९७७ आधी सोडून दिलेल्या खाणींना तर मालकच उरलेला नाही. त्यांच्यासाठी वेगळा निधी आहे. आज निघणाऱ्या प्रत्येक टनावर शुल्क घेऊन तो भरतात आणि २०२१ च्या कायद्याने त्यात ११.३ अब्ज डॉलरची भर घातली. हा निधी वापरणारं कार्यालय राज्याच्या त्याच खात्यात असलं तरी ते बहुधा वेगळं ठेवतात. एक काम पोलिसाचं आणि दुसरं ठेकेदाराचं आहे, म्हणून हे मला पटतं. जुन्या पापाच्या निधीतून आजच्या कंपनीचं काम उरकलं जाऊ नये, यासाठी मधली भिंत लागतेच.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे राज्य सरकार मुळात या खेळात किती आहे, हे आधी बघावं लागतं. संविधानाच्या राज्य सूचीत २३ व्या नोंदीत खाणी आहेत, पण केंद्र सूचीतल्या ५४ व्या नोंदीने केंद्राने कायदा केला की राज्याचा अधिकार तेवढा आक्रसतो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने कोळशाबाबत तो जवळजवळ पूर्ण आक्रसला. राज्य खाणीचा पट्टा देतं, पण खाण कोणाला द्यायची हे केंद्र ठरवतं. त्याच वर्षीच्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याने जमीन घेतली असेल, तर ती थेट केंद्राकडे आणि तिथून सरकारी कंपनीकडे जाते. पट्ट्याचा प्रश्नच उरत नाही. राज्याला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, मिळतं, १४ टक्के दराने. म्हणजे राज्याला कोळशाचा पैसा मिळतो, पण खाण बंद करताना जमीन कशी ठेवायची यावर त्याची सही नसते. माझ्या मते तुमच्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

चाव्या एकेक करून दाखवतो. खाण आराखडा आणि त्यातला खाण बंद करण्याचा आराखडा मंजूर होतो केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या व्यवस्थेत. पर्यावरण मंजुरी मोठ्या खाणींसाठी दिल्लीहून येते. जनसुनावणी मात्र आपलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. पाणी आणि हवेच्या कायद्यांखालचं संमतीपत्र त्याच मंडळाचं. मंडळाचं मुख्यालय शीवला आहे, म्हणजे तुम्हाला लोकलने जाता येईल एवढ्या अंतरावर. पण तुमच्या कामाचं कार्यालय चंद्रपूरचं. कामगारांची आणि उताराची सुरक्षा बघतं खाण सुरक्षा महासंचालनालय. ते केंद्रीय कामगार मंत्रालयाखाली, मुख्यालय धनबादला, विभागीय कार्यालय नागपूरला. राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही नागपूरलाच, ते स्वामित्वधन आणि खनिज सर्वेक्षण बघतं. वनजमीन असेल तर वनविभाग. आणि ठेव? ती आहे कोळसा नियंत्रकांकडे, म्हणजे पुन्हा केंद्राकडे.

ठेवीची ही पद्धत आपल्याकडे २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आली, २०१३, २०२० आणि २०२५ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. सुरुवातीला खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये असा दर होता. २०२० मध्ये तो अनुक्रमे ९ लाख आणि दीड लाख झाला. कंपनी ही रक्कम दरवर्षी हप्त्याने एस्क्रो खात्यात भरते, म्हणजे बँकेतल्या अशा खात्यात जिथून तिला स्वतःच्या मर्जीने पैसे काढता येत नाहीत. त्या खात्याचे लाभधारक कोळसा नियंत्रक. दर पाच वर्षांनी झालेलं काम तपासून काही रक्कम परत मिळते, शेवटची मिळते अंतिम प्रमाणपत्रानंतर. पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण हेक्टरी ठरावीक दर म्हणजे वणीची काळी जमीन आणि दुसरीकडचा मुरमाड माळ यांना एकच माप. ४० मीटर उंचीचा डोंगर उतरवायला किती लागेल आणि दहा मीटरचा किती, हा हिशेब त्या दरात नाही. आणि ठेव सोडण्याआधी शेजाऱ्याला पत्र पाठवा, असंही कोणी म्हणत नाही.

इथवरचं एकदा एकत्र धरू. अमेरिकेतल्या राज्यात परवाना देणारा, फावडं घेऊन फिरणारा आणि ठेव अडवणारा बहुधा एकाच खात्यातला. महाराष्ट्रात चिखल तुमच्या शेतात, पाण्याचे नमुने चंद्रपूरला, उताराची काळजी नागपूरला आणि पैशाची चावी केंद्राकडे.

याने काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खाणीवर, कंपनीचं नाव घेत नाही, ऑगस्टमध्ये एका डम्पच्या, म्हणजे खणून टाकलेल्या मातीच्या डोंगराच्या, पायथ्याशी उभा होतो. आपल्याकडे वरचा थर काळ्या मातीचा, तिच्याखाली पिवळी चिकणमाती, मग कामठीचा वालुकाश्म आणि त्याच्या खाली कोळशाचे थर. खाण उघडताना काळी माती पहिल्यांदा निघते. ती वेगळी रचून ठेवायची आणि शेवटी सगळ्यांच्या वर अंथरायची, हा नियम मंजुरीच्या अटींत लिहिलेला असतो. त्या डम्पवर मी गाळाच्या घळीत हात घातला. तळाला काळी माती, वर लालसर वाळू. म्हणजे सगळं उलटं पडलं होतं. जी माती हजारो वर्षांत तयार झाली, ती सगळ्यात खाली गाडली गेली आणि वर लावलेली रोपं वाळूत उभी होती. अहवालात झाडांची संख्या बरोबर होती. मंडळाच्या नोंदीत पाण्याचे नमुने मर्यादेत होते, कारण नमुने पंपाच्या पाण्याचे, डम्पच्या ओघळाचे नव्हेत. सुरक्षेच्या तपासणीत उतार स्थिर होता. प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं आणि तरी पायथ्याच्या शेतात गुडघाभर वाळू होती. त्या शेतातली म्हातारी मला म्हणाली, "साहेब, माती माहीच आहे, फक्त उलटी झाली." त्या दिवसापासून मी कुठल्याही अहवालात झाडांची संख्या वाचून थांबत नाही, मातीचा छेद मागतो.

तुम्हाला काय करता येईल ते आता सांगतो. पण बरंच काही दोन गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी तपासा. पहिली, खाण 'थांबली' आहे की 'बंद' झाली आहे? कोळसा काढणं थांबलं म्हणजे खाण बंद झाली असं नाही. अंतिम प्रमाणपत्र मिळालेलं नसेल, तर जबाबदारी अजून कंपनीवर आहे आणि ठेवीतला काही भाग अजून अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. काम चार वर्षांपूर्वीच थांबलंय, म्हणजे २००९ नंतरचं, हेही बरंच. २००९ आधी थांबलेल्या खाणींसाठी २०२२ मध्ये वेगळी तत्त्वं निघाली आणि त्यांची वाट जास्त अवघड आहे. दुसरी, डोंगर ज्या जमिनीवर आहे तिचा सात-बारा काढा आणि ती कुठल्या कायद्याने घेतली ते बघा. कोळसाधारक कायद्याने घेतली असेल, तर ती मूळ शेतकऱ्याला परत मिळण्याची तरतूद त्यात नाही. १३ एप्रिल २०२२ च्या केंद्राच्या धोरणानुसार अशी कोळसा काढून झालेली जमीन सौरऊर्जेसारख्या कामांना भाड्याने देता येते, मालकी मात्र सरकारी कंपनीचीच राहते. मूळ मालक कोणी नातेवाईक असतील, तर त्यांना हे आत्ताच सांगा. उगाच आशा लावून बसू नये.

त्यानंतर कागद. खाणीचं पर्यावरण मंजुरीचं पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा. त्यात डम्पची उंची, उतार, पायथ्याची भिंत, भोवतालचा चर, गाळ थांबवणारी टाकी यांच्या अटी आकड्यांसकट लिहिलेल्या असतात. खाणीवरची माणसं या भिंतीला टो वॉल आणि चराला गारलँड ड्रेन म्हणतात. अर्जात हेच शब्द वापरा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की समोरच्याने अटी वाचल्या आहेत. कंपनीचा सहामाही अनुपालन अहवालही मिळवा, तो १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. खाण सरकारी कंपनीची असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज थेट कंपनीकडे जातो. खासगी असेल तर तोच कागद केंद्रीय मंत्रालयाकडे किंवा कोळसा नियंत्रकांकडे मागा. बंद आराखडा, एस्क्रोतली शिल्लक आणि आजवर सोडलेली रक्कम, या तीन गोष्टी नावाने मागा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहाल तर काहीच मिळणार नाही.

तक्रार एका ठिकाणी करू नका. गाळ आणि पाण्याबद्दल प्रदूषण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला, संमतीपत्रातली अट क्रमांकाने नोंदवून. मंजुरीच्या अटींबद्दल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाला. डम्पला भेगा दिसत असतील किंवा पायथा फुगत असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाला, आणि ते लगेच. झारखंडमधल्या राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी असाच ढिगारा खचला आणि २३ कामगार गेले. उताराबद्दलची तक्रार सुरक्षेची माणसं हलक्यात घेत नाहीत. आणि चौथी प्रत कोळसा नियंत्रकांना, एका स्पष्ट मागणीसह, की अमुक खाणीच्या ठेवीतून पुढची रक्कम सोडण्याआधी लगतच्या जमिनीचं नुकसान तपासावं. आपल्या कायद्यात शेजाऱ्याला पत्र जात नाही, म्हणून हे पत्र आपणच पाठवायचं. माझ्या अनुभवात चारांपैकी हेच सर्वात जास्त कामाला येतं, कारण ठेव मागण्याची फाइल उघडली की तुमचं पत्र तिच्यात सापडतं.

राज्याच्या हातात जी एक खरी चावी आहे ती जिल्ह्यात आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, आणि लिलावातून दिलेल्या खाणींसाठी १० टक्के एवढी रक्कम कंपन्या त्यात भरतात. यवतमाळ जिल्ह्याचं प्रतिष्ठान यवतमाळलाच आहे. पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण या कामांना त्यात प्राधान्य आहे. गावच्या विहिरी, नाल्याचं खोलीकरण यासाठी ग्रामसभेचा ठराव करून जरूर मागणी करा. पण टो वॉल बांधायला किंवा डम्पचा उतार नीट करायला हा पैसा मागू नका, कोणी आपणहून देऊ केला तरी नाही म्हणा. ते कंपनीचं देणं आहे, त्यासाठी तिची ठेव अडकलेली आहे. जनतेच्या पैशाने ते काम झालं की कंपनीची ठेव अलगद सुटते आणि पुढच्या खाणीवाल्याला तोच रस्ता दिसतो. अमेरिकेत जुन्या खाणींचा निधी आणि चालू खाणींची ठेव यांच्यात जी भिंत घातली आहे, ती आपल्या गावात तुम्हालाच उभी करावी लागेल.

हरित लवादाचा पर्याय आहे, पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला बसतं. नुकसानभरपाई आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे, इतर वादांसाठी सहा महिन्यांची. मुदत नेमकी कुठून मोजायची हे वकिलाकडून समजून घ्या. गाळ पहिल्यांदा कुठल्या वर्षी आला, हा साधा प्रश्न तिथे निर्णायक ठरू शकतो. त्यासाठी जुने फोटो, पीक विम्याचे कागद, जे असेल ते गोळा करा.

काहींनी तुम्हाला सुचवलंय की राज्याने अमेरिकेसारखा स्वतंत्र विभाग काढावा. माझं मत विचारलंत तर नवा विभाग काढून त्याला फक्त अहवाल गोळा करायला लावलं, तर आपण पाचवं दार बांधू. ठेव सोडण्याच्या फाइलवर राज्याची, निदान जिल्हाधिकाऱ्यांची संमती आणि लगतच्या ग्रामसभेचं म्हणणं सक्तीचं केलं, तर विभाग नसला तरी चालेल. राज्याकडे तलाठी आहे, कृषी सहायक आहे, प्रदूषण मंडळ आहे, भूविज्ञान संचालनालय आहे. जमीन ओळखणारी माणसं राज्याकडेच आहेत. फक्त पैशाच्या फाइलवर त्यांचं नाव नाही. आणि हे मुंबईत बसून मागायला आपल्याला पूर्ण अधिकार आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी येते, १५०० मेगावॅटची. त्या भागातल्या कोळशावरची वीज तिच्यातून आपल्या घरांपर्यंत पोचते.

आता लगेच करायचं काम. पाऊस सुरू होण्याआधी गावी एक चक्कर मारा. बांधावर एक खूण ठरवा, खुंट ठोका, आणि त्याच जागेवरून डम्पचा, चराचा आणि तुमच्या शेताचा फोटो काढा, तारखेसकट. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच खुंटापासून पुन्हा काढा. गाळ आला की दोन दिवसांच्या आत तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्यात 'अतिवृष्टी' एवढाच शब्द पडू देऊ नका, गाळ कुठून आला ते लिहून घ्या. शेतात एक वीतभर खड्डा खणून वरची वाळू आणि खालची काळी माती एका फोटोत दिसेल असं करा, बाजूला मोजपट्टी ठेवून. मंजुरीचं पत्र मिळालं की त्यातल्या डम्पच्या अटी इथे टाका. कुठली अट कुठल्या कार्यालयात लावायची ते मी ओळीने सांगेन.